कोकणात राहून लोकांच्या मनासाठी काम करायचंय? आधी सायकॉलॉजी, मग योग, मग निसर्ग

"मला सायकॉलॉजीची आवड आहे, योगा रोज करते, आणि आता मुंबई सोडून गावाला येऊन निसर्गात हीलिंगचं काहीतरी काम करायचंय, तर सुरुवात कुठून करू?" असं विचारणारे मेसेज मला सारखे येतात. बहुतेक तिशी-पस्तिशीतल्या मुली असतात, थोडे मुलगेही, कोणी आयटीतलं, कोणी बँकेतलं, कोणी शाळेत शिकवणारं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मी देवगड तालुक्यात राहते, शाळेत शिकवता शिकवता या कामात आले, आणि खाली जे आहे ते कोकणातल्या गावात राहून काम करणाऱ्यासाठी आहे. पुण्या-मुंबईत क्लिनिक टाकायचं असेल तर यातलं अर्धंच कामाला येईल.

सगळ्यात आधी क्रमाबद्दल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आधी माणसाचं ऐकून घ्यायला आणि आजार ओळखायला शिका, म्हणजे सायकॉलॉजी. मग शरीर आणि श्वास, म्हणजे योग. आणि शेवटी समुद्र, देवराई, आणि सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. बरेच जण नेमकं उलटं करतात, आधी चार दिवसांचा फॉरेस्ट थेरपीचा ऑनलाइन कोर्स, मग दोनशे तासांचं योगा टीचर ट्रेनिंग, आणि सायकॉलॉजी "पुढे बघू". याच्याने होतं काय, तर तुम्ही माणसाला छान शांत जागी घेऊन जाता, तिथे तो मोकळा होतो, आणि मोकळा झाल्यावर जे बाहेर येतं, लहानपणी झालेला अत्याचार असेल, मरून जावंसं वाटणं असेल, ते सांभाळायची काही तयारीच तुमच्याकडे नसते. मोकळ्या जागेत माणसं पटकन बोलायला लागतात हे मी परत परत बघते, म्हणून हा क्रम मी एवढा धरून बसते.

शिक्षणाचं काय करायचं

इथे लोकांचा फार गोंधळ असतो. सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर, औषधं तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, ती परिषद १९९२ च्या कायद्याने आलेली आहे आणि तिच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव आणि नंबर असावा लागतो. बरीच वर्षं एम.ए. झाल्यावर दोन वर्षांचं एम.फिल. हा त्याचा रस्ता होता, पण २०२० च्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं आणि आता त्याच्या जागी दुसरे कोर्स येतायत, तर तुम्ही ज्या वर्षी ॲडमिशन घेणार त्या वर्षी आरसीआयच्या साइटवर जाऊन मान्यता असलेल्या संस्थांची यादी स्वतः उघडून बघा, एजंटच्या किंवा कॉलेजच्या जाहिरातीच्या भरवशावर पैसे भरू नका.

काउन्सेलरचं वेगळं आहे. हा शब्द आपल्याकडे आजवर कोणीही पाटीवर लिहू शकत होतं आणि त्याचा लोकांना त्रासच झालाय. २०२१ मध्ये केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्याच्यात सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर हे पण धरलेत, त्यामुळे पुढे हळूहळू नोंदणी सगळ्यांनाच लागणार असं धरून चाला. आणि याच कायद्याशी जोडून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजी दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली. हे मुद्दाम सांगते कारण गावात राहून इग्नूमधून एम.ए. करता येतं असं अजूनही लोक एकमेकांना सांगतात, माझ्या ओळखीच्या बऱ्याच बायकांनी तसंच केलं आणि चांगलं केलं, पण आता नवीन येणाऱ्याने कॉलेजात जाऊनच करायचं आहे. म्हणजे दोन वर्षं रत्नागिरी, मुंबई, पुणे, कोल्हापूर, जिथे जमेल तिथे राहण्याची तयारी. मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा अप्लाइड सायकॉलॉजीचा विभाग जुना आहे, टाटा इन्स्टिट्यूटला, म्हणजे टिसला, अप्लाइड सायकॉलॉजीचं एम.ए. आहे, त्यात काउन्सेलिंग शिकवतात, तिथे ॲडमिशन अवघड असते पण प्रयत्न करण्यासारखी आहे.

ज्यांना एवढं शक्य नाही, घर आहे, सासूबाई आजारी आहेत, बागा आहेत, त्यांनी काय करायचं? त्यांनी मी काउन्सेलर आहे असं म्हणायचं नाही आणि तरीही खूप काम करायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सायकॉलॉजिकल फर्स्ट एडची, म्हणजे मनाच्या प्रथमोपचाराची, एक साधी मार्गदर्शिका काढली, पाहा, ऐका आणि जोडून द्या, एवढ्या तीन गोष्टींवर ती उभी आहे. आशाताई, शिक्षक, बचतगटाच्या बायका हे सगळं शिकू शकतात. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली, मराठीतून मनाच्या आरोग्यावर इतकी वर्षं काम करतेय, त्यांचे कार्यक्रम आणि ट्रेनिंग मराठीत असतात ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, कारण हे शिक्षण बाकी बहुतेक ठिकाणी इंग्लिशमधून होतं आणि मग समोरच्या काकूंशी बोलताना शब्दच सापडत नाहीत.

डिग्रीच्या पलीकडे दोन गोष्टी लागतात ज्या कुठल्याच मार्कशीटवर येत नाहीत. एक, स्वतःची थेरपी घ्या. तुमच्या स्वतःच्या आईबद्दल, नवऱ्याबद्दल, गेलेल्या माणसाबद्दल तुमच्या आत काय साठलंय हे कोणा जाणत्यासमोर बसून एकदा बघून घ्या, नाहीतर समोरची बाई बोलत असते आणि तुम्ही तिच्यात स्वतःलाच ऐकत बसता. दोन, सुपरव्हिजन. म्हणजे तुमच्यापेक्षा अनुभवी कोणीतरी, ज्याच्यासमोर महिन्यातून निदान दोनदा तुम्ही तुमच्या केसेस, नावं न सांगता, मांडता. गावात एकटं काम करणाऱ्याला तर हे लागतंच. आता व्हिडिओ कॉलवर होतं, रेंज नसेल तर सड्यावर जाऊन करा, पण करा.

आपल्याकडचं दुखणं कसं येतं

पुस्तकात डिप्रेशनची लक्षणं वाचून आलात की इथे पहिले काही महिने गडबडायला होतं, कारण इथे कोणी येऊन "मला उदास वाटतंय" असं म्हणत नाही. छातीत धडधडतं, डोकं जड झालंय, हातापायांना मुंग्या, अन्न गोड लागत नाही, मन लागत नाही, झोप नाही, असं येतं. डॉक्टर बदलून होतात, ईसीजी होतो, रक्त तपासून होतं, सगळं नॉर्मल येतं. मग देवाला कौल लावला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं, कोणी भगताकडे नेतं. आणि खाली बघितलं तर घरात माणूसच नाही. पोरं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला आठ दिवस घर भरतं आणि नंतर परत ती म्हातारी आणि तिची मांजर. आंबेवाल्यांचं वेगळं, एखाद्या वर्षी मोहोर करपला की फवारणीचं, खताचं, मजुरीचं कर्ज डोक्यावर आणि पुढच्या वर्षाची पण खात्री नाही. खलाशांचं आणखी वेगळं, त्यात दारू येते. मुलींचं लग्नाचं, मुलांचं लग्न होत नसल्याचं, हा तर आता गावागावातला विषय आहे.

एक उदाहरण सांगते, माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत. मे महिन्यात एका काकींच्या पडवीत बसलेले, त्या रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडत होत्या, हात लालेलाल, मधेच थांबायच्या आणि तळवा छातीवर ठेवायच्या. "माका काय्येक झालला नाय गो, देवाचाच कायतरी रवला आसतला," असं म्हणाल्या. डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, बीपीची गोळी चालू होती, हृदय ठीक होतं, हे मी आधी कागद बघून खात्री करून घेतलं. मग मीपण सुरी घेतली आणि त्यांच्याबरोबर फोडायला बसले. बराच वेळ काहीच विचारलं नाही. मग धडधड कधी होते एवढंच विचारलं, तर म्हणाल्या, तिन्हीसांजेला. तिन्हीसांजेला काय असतं? तेव्हा झिलाचा फोन यायचा, आता येत नाही. त्याच्यानंतर त्या जे बोलल्या त्याला मी काही उत्तर दिलं नाही, फक्त ऐकलं. उठताना त्यांना एवढंच दाखवलं की धडधड सुरू झाली की नाकाने साधा श्वास घ्यायचा आणि सोडताना ओठ मिटून म्हणजे गुणगुणल्यासारखा लांब सोडायचा, दिवा लावताना त्या आरती गुणगुणायच्याच, तोच सूर. पुढच्या आठवड्यात परत गेले, मग परत. मुलाशी बोलायचं का हे त्यांना विचारून, त्यांनी हो म्हटल्यावर बोलले. देवाचं राहिलं असेल असं त्यांना वाटत होतं ते मी खोडून काढलं नाही. त्या गाऱ्हाणं घालून आल्या, आणि सेशनला पण येत राहिल्या.

हे शेवटचं नीट लक्षात घ्या. देवाला नारळ ठेवणं हा माणसाचा आधार आहे, त्याला हात लावायची गरज नाही. पण कोणी मारहाण करतंय, उपाशी ठेवतंय, साखळीने बांधतंय, गोळ्या बंद करायला सांगतंय, तर तिथे गप्प बसायचं नाही, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो वापरायचा असतो.

योग कुठे येतो

योग शिकवायचा असेल तर आयुष मंत्रालयाखाली योगा सर्टिफिकेशन बोर्ड आहे, त्याची थिअरी आणि प्रॅक्टिकल अशी परीक्षा असते, प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरपासून वर वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि थेरपीच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. परदेशी योगा अलायन्सचं दोनशे तासांचं जे असतं ते खासगी संस्थेचं रजिस्ट्रेशन आहे, परदेशी पाहुणे शिकवायचे असतील तर त्याचा उपयोग होतो, पण ते करून तुम्ही योग थेरपिस्ट होत नाही. शिकायला आपल्या जवळ चांगल्या जागा आहेत. लोणावळ्याचं कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलं, आसन-प्राणायामाने शरीरात नक्की काय होतं हे त्यांनी प्रयोगशाळेत मोजून बघायला सुरुवात केली. सांताक्रूझचं द योगा इन्स्टिट्यूट तर १९१८ चं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षकाचा पदविका कोर्स आहे, तो नोकरी सांभाळून करता येतो.

पण मनाच्या कामात योग वापरायचा म्हणजे सूर्यनमस्कार घालून घेणं नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्त विखुरलं की सोबत काय काय येतं ते सांगितलंय, दुःख, दौर्मनस्य म्हणजे मन खट्टू होणं, अंगाला कंप आणि श्वास-प्रश्वास बिघडणं. मला हे सूत्र फार जवळचं वाटतं, कारण माझ्यासमोर येणारा माणूस अगदी हेच सांगत असतो, शरीर कापतं, श्वास लागतो, मन लागत नाही. म्हणून मी श्वासापासून सुरू करते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, त्यामुळे सोडणं लांबवलं की शरीर आपसूक खाली येतं, भ्रामरीत, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्यात, हेच होतं. यात दम रोखून धरायचा नाही, डोळे मिटायची सक्ती करायची नाही. ज्याच्यावर अत्याचार झालाय त्याला डोळे मिटून शवासनात पडायला सांगणं म्हणजे कधी कधी त्याला त्याच खोलीत परत नेऊन सोडणं असतं. डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले, दार समोर दिसेल अशी बसायची जागा, हवं तेव्हा थांबायची मोकळीक, एवढं आधी.

कपालभाती आणि भस्त्रिका लोक टीव्हीवर बघून सगळ्यांना सांगतात. ज्याला पॅनिक अटॅक येतात त्याला जोरजोरात श्वास मारायला लावला तर तोच अटॅक तुम्ही हाताने आणून देता. बीपी, हृदयविकार, हर्निया, फिट येणारे, गरोदर बायका, यांना हे प्रकार द्यायचेच नाहीत. तसंच ज्याला भास होतात, आवाज ऐकू येतात, किंवा ज्याला मधेच खूप चढल्यासारखं होऊन दोन-दोन रात्री झोप नको वाटते, त्याला लांब ध्यानाला बसवू नका, दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवू नका, आधी सायकॅट्रिस्ट. आणि गोळ्या चालू असतील तर "योगाने बंद होतील हो" हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही जाता कामा नये, गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतो.

आणि स्वतःचा सराव. शिकवण्यापुरता योग करणारे लवकर दमतात या कामात.

आता निसर्ग

निसर्गात बरं वाटतं हे आपल्याला आजीपासून माहितेय, पण काम म्हणून करायचं तर त्याच्यामागे काय आहे ते ठाऊक पाहिजे. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलातले पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पेशंट तपासले, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामक कमी लागलं. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये शिनरिन-योकू म्हणजे जंगलात संथ वेळ घालवण्याची कल्पना पुढे आणली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला मिळून दोन तास किंवा जास्त निसर्गात घालवणारे लोक तब्येत आणि समाधान दोन्ही जास्त चांगलं असल्याचं सांगतात. यात एक पाहायचं, तब्येत चांगली म्हणून लोक बाहेर जातात असंही असू शकतं, त्यामुळे हे दाखवून "समुद्राने डिप्रेशन बरं होतं" अशी पाटी लावायची नाही. उपचाराला जोड म्हणून हे छान आहे, उपचार काढून घेऊन त्या जागी ठेवायला नाही.

आपल्याकडे जागा कुठल्या? देवराई, आमच्याकडे राई किंवा देवरहाटी म्हणतात. ऐन, किंजळ, सातवीण, बेहडा, सुरंगी, मार्चच्या आसपास सुरंगीचा वास येतो तेव्हा तिथे नुसतं बसलं तरी पुरे. पण राई गावाची आहे, देवाची आहे. मानकऱ्यांना आणि गुरवाला विचारल्याशिवाय ग्रुप घेऊन जायचं नाही, चपला बाहेर, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, मॅट पसरून फोटो तर नाहीच. जिथे जायचं नसतं असं गावकरी सांगतात तिथे जायचं नाही, कारण विचारत बसायचं नाही. राखीव जंगल असेल तर वनखात्याची परवानगी. कांदळवन म्हणजे खाडीकाठची खारफुटी ही दुसरी जागा, वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, त्यांच्यासोबत एकदा जाऊन बघा, माणसांना हळू कसं करायचं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे, त्या घाई करूच देत नाहीत. तिसरा सडा, ऑगस्ट-सप्टेंबरात जांभ्यावर फुलं येतात तेव्हा गुडघ्यावर बसून एका हातभर जागेत काय काय उगवलंय ते बघायला सांगते मी, डोक्यातलं चक्र थांबवायला याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण बारीक बघताना डोकं दुसरीकडे पळत नाही.

आणि चौथी जागा म्हणजे त्या माणसाचं स्वतःचं परसू. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त काम मी तिथेच करते. कोकणातल्या माणसाला निसर्ग दाखवायला न्यावा लागत नाही, तो त्यातच राहतो आणि त्यातच राबतो. काजूच्या बागेत दिवसभर बी गोळा करून कंबर मोडलेल्या बाईला "झाडाला मिठी मार" म्हणणं बरं दिसत नाही. तिला विचारायचं की या सगळ्यातलं कुठलं काम तुला कष्ट वाटत नाही? कोणी म्हणतं अबोलीला पाणी घालणं, कोणी म्हणतं संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, जाऊन नुसतं बघत बसायचो, आता जात नाही. तेच परत सुरू करायचं. रोज, ठरलेल्या वेळी, छोटं. सायकॉलॉजीत याला बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि डिप्रेशनवर त्याचा चांगला अभ्यास झालेला आहे.

किनाऱ्यावर सेशन घ्यायचं तर भरती-ओहोटी बघून वेळ लावा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे "दर गुरुवारी पाचला" असं ठरवून चालत नाही, दर गुरुवारी पाणी वेगळ्या जागी असतं. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पुळण उरतच नाही काही ठिकाणी. मी ओहोटी लागल्यावर तासाभराने सुरू करते, ओली घट्ट वाळू चालायला बरी आणि पाणी मागे जात असतं. पाण्यात उतरवायचं नाही, पोटरीपर्यंतसुद्धा पावसाळ्यात नाही, ओढ कुठे लागेल सांगता येत नाही आणि मनाने खचलेल्या माणसाची जबाबदारी तुमच्यावर असते.

सापाचं आणि तापाचं कोणी कोर्समध्ये शिकवत नाही म्हणून सांगते. सड्यावर फुरसं असतं, जांभ्याच्या रंगात मिसळून जातं, दगडाखाली हात घालायचा नाही, पायात बूट पाहिजे, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं औषध (अँटिव्हेनम) आहे का हे आधी जाऊन विचारून ठेवायचं. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या जंगलात २०१६ पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो गोचिडीतून येतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका आपल्याकडे बाहेर फिरायचा मोसम. त्या दिवसांत तिथल्या जंगलात पाचोळ्यात बसून ध्यान बिन काही नको, माकडं मेलेली ऐकलीत तर त्या बाजूला फिरकू नका आणि आरोग्य केंद्राला कळवा. पावसात चिखलातून अनवाणी चालणं छान वाटतं पण लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप असतो, पायाला जखम असेल तर अजिबात नाही.

कायदा, गुप्तता आणि कुठे थांबायचं

गावात गुप्तता पाळणं शहरापेक्षा कितीतरी अवघड आहे, तुमची गाडी कोणाच्या दारात उभी होती हे सगळ्या वाडीला माहीत असतं. म्हणून मी सेशनला काहीतरी दुसरं निमित्त ठेवते, कोकम बघायला आले, शाळेच्या कामाला आले. दुकानात, देवळात भेट झाली तर आपण होऊन विषय काढायचा नाही, ती व्यक्ती बोलली तर बोलायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलेलाच आहे, त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणात असलेला माणूस असं धरलंय, हे घरच्यांना समजावून सांगा, कारण पोलीस केसच्या भीतीने लोक दवाखान्यात न्यायलाच घाबरतात.

गुप्ततेला मर्यादा पण आहेत आणि त्या पहिल्याच भेटीत सांगायच्या. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, गावातला मोठा माणूस असला तरी, नात्यातला असला तरी.

मरायचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारायला शिका. विचारल्याने डोक्यात येतं असं नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. हो म्हणाला तर कसं करायचं ठरवलंय, घरात कीटकनाशक कुठे ठेवलंय, हे विचारायचं आणि ते औषध त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात हलवायचं. बागायतदारांच्या घरात फवारणीची औषधं असतातच, म्हणून हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. त्याला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरकडे न्यायचं.

पैसे आणि वर्षाचं गणित

नुसत्या गावातल्या कामावर घर चालेल असं सुरुवातीला धरू नका. बहुतेक जण शाळा-कॉलेजात काउन्सेलिंग, ऑनलाइन सेशन्स, सकाळी योगाचा क्लास असं मिळून करतात, आणि पर्यटकांसाठी दोन दिवसांचं शिबिर हेही चालतं, त्यात काही वाईट नाही, फक्त तिथे "रिलॅक्सेशन" म्हणा, "थेरपी" म्हणू नका, कारण शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं हे बघायला तुम्ही नसता. पाहुण्यांकडून पूर्ण फी घ्या. गावातल्यांकडून पण थोडी घ्या, अगदीच नसेल तर नारळ, तांदूळ, काहीही, फुकट दिलं तर लोक संकोचून परत येत नाहीत असा माझा अनुभव आहे.

वेळापत्रक इथल्या वर्षाप्रमाणे लावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशी घरी असतात, दारूचं आणि घरातल्या भांडणाचं काम याच दिवसांत निघतं, आणि तेव्हाच ते बोलायला मोकळे असतात. लावणीत बायकांना वेळ नसतो, श्रावणात असतो. गणपतीत कोणाला बोलवू नका, पण गणपती झाल्यावर पंधरा दिवस मुद्दाम घराघरात जाऊन या, चाकरमानी परत गेल्यावर म्हाताऱ्या माणसांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते तेव्हा. मार्च ते मे आंबा, सकाळी लवकर किंवा रात्री जेवणं झाल्यावरच.

आणि पहिलं सेशन घ्यायच्या आधी एका वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा: जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाचे ओपीडीचे वार, जवळच्या सायकॅट्रिस्टचा नंबर, आधी जाऊन ओळख करून घेतलेली असली पाहिजे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा पत्ता आणि ॲडमिशनला कुठले कागद लागतात ते. टेलिमानस १४४१६, मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत मिळण्याचा हा सरकारी नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात आणि रात्रीही लागतो. मुलांसाठी १०९८. ॲम्ब्युलन्स १०८, आणि ती तुमच्या वाडीपर्यंत येत नसेल तर रात्री दोन वाजता गाडी काढेल अशा एका माणसाचं नाव, त्याला आधी विचारून.